उकिरड्याकडेची माती

स्वप्नालीनं माती विकत आणली. तीसुद्धा दुकानात जाऊन नाही, मोबाईलवर बोट फिरवून. दारावर माणूस आला, खोका ठेवला, खोक्याचा फोटो काढला आणि गेला. खोक्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर टोमॅटोच्या झाडाचं चित्र आणि आत माती. विठाबाईनं ती पिशवी दोन्ही हातांनी उचलून बघितली. हलकी लागली. माती हलकी असते हे तिला अडुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर विठाबाई गप्प बसली असती, निदान संध्याकाळपर्यंत. पण सुनेनं ती माती कुंडीत भरली ती हातमोजे घालून. स्वप्नाली बदलापूर स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. तिथल्या सवयीनं घरातही मिरच्या चिरताना, मासे साफ करताना आणि आता मातीत हात घालताना ती ते पांढरे रबरी मोजे चढवायची. रक्ताला मोजे विठाबाई समजू शकत होती. मातीला मोजे म्हणजे तान्ह्या पोराला सांडशीनं उचलण्यातला प्रकार झाला.

तक्रार तिनं आधी मुलाकडे केली. सुयोग म्हणाला, आई, तिचा टाइमपास आहे, करू दे. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, म्हणून तिनं गावी, चामटोलीला, फोन लावून दिराला, महिपतीला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. महिपती पोटभर हसला आणि म्हणाला, वहिनी, पाणी विकत घेतलं तेव्हा आपण काही बोललो नाही, आता माती आली. विठाबाईला हे बोलणं एवढं पसंत पडलं की पुढचा आठवडाभर बदलापुरातल्या सोनिवलीच्या त्यांच्या सात मजली इमारतीत लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला तिनं ते स्वतःचं म्हणून ऐकवलं. स्वप्नालीच्या कानावर ते तिसऱ्या मजल्यावरून परत आलं. स्वप्नाली मुळात कमीच बोलायची. अंबरनाथला वाढलेली, बाप कारखान्यात तीन पाळ्या करणारा; दिवसा झोपलेल्या बापाच्या घरात पोरं हळू बोलायला शिकतात. विठाबाईला मात्र वाटायचं की सुनेला बोलताच येत नाही.

चामटोली सोडून विठाबाईला दोन वर्षं होत आली होती. नवरा गेला, गुडघे गेले, आणि मग महिपतीनं गोठा पाडून परसात चार खोल्या काढल्या, भाडेकरू ठेवले. भाताचं खाचर तेवढं राहिलं, तेही महिपतीच कसायचा. परस गेलं तेव्हा विठाबाई मुलाकडे चौथ्या मजल्यावर आली. येताना तिनं एक ट्रंक आणली, पाटा-वरवंटा आणला आणि दूध पावडरचा एक जुना डबा आणला. डब्यात चुलीची राख होती आणि राखेत शिराळ्याच्या नऊ बिया होत्या.

शिराळं म्हणजे बाजारात ज्याला दोडका म्हणतात ते. पण हे बाजारातलं नव्हे. हे वीतभरच, आखूड, जाड, फिकट हिरवं. जून झालं तरी आत जाळी धरायचं नाही आणि कडू तर एकदाही निघालं नाही. विठाबाईच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूनं हा डबा तिच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती की घर जळालं तर हा घेऊन बाहेर ये, बाकीचं राहू दे. तेव्हापासून दरवर्षी लावायचं, दरवर्षी एक फळ बियाला ठेवायचं, हे कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते खोल्यांचा पाया खणला त्या वर्षी. वेल दगडमातीखाली गेला आणि मागच्या हंगामातलं उरलेलं बी तेवढं हाती राहिलं. त्याला दोन पावसाळे झाले होते. दोन पावसाळे बी दम धरतं. तिसरा पावसाळा गेला की ते नुसतं दिसायला बी असतं. चामटोलीत तिनं घरोघर विचारून पाहिलं होतं. सगळ्यांकडे आता पुडीतलं बी. म्हणजे या नऊ बिया गेल्या की ते शिराळं गेलं, आणि लावायचं तर याच वर्षी लावायचं, आणि लावायचं ते सोनिवलीच्या बाल्कनीत.

तर अशा बियाला पिशवीतली माती घालायला विठाबाई काही वेडी नव्हती.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेल लावायचे हे चामटोलीत कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी लावलेला वेल फळाला कमी पडत नाही. आखितीला आठ दिवस असताना विठाबाईनं महिपतीला फोन करून चार गोणी माती पाठवायला सांगितलं, आणि ती खाचराच्या मधोमधची हवी म्हणून बजावलं. कडेची नको, बांधाची नको, मधली. त्या मातीनं घराला तीन पिढ्या भात घातला होता. पावसाळ्यात तिच्यात पाय पडला की पाय निघायचा, चप्पल राहायची. तशी धरून ठेवणारी माती, अस्सल.

टेम्पो आला. सोसायटीचा सेक्रेटरी हितेश, दुसऱ्या मजल्यावरचा, याचं म्हणणं पडलं की लिफ्ट माणसांसाठी आहे, मालासाठी नाही. विठाबाई खाली गेली, लिफ्टमध्ये स्टूल ठेवून बसली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, एक गोणी माझ्या पायाशी ठेव.

"मी माणूस हाय ना? ही माझी पिशवी," ती हितेशला म्हणाली.

अशा चार खेपा झाल्या. हितेश चारही वेळा तिथंच उभा होता.

पुढचं भांडण गच्चीवर झालं. भाताचं रोप टाकायच्या आधी जागा राबाला भाजून घेतात. शेणाच्या गोवऱ्या, पालापाचोळा, वर माती आणि खालून धुमसती आग. त्यानं तणाचं बी मरतं, किडा मरतो, माती मोकळी होते. विठाबाईनं घमेल्यात राब लावला. राब ज्वाळेनं पेटवायचा नसतो, धुरावर ठेवायचा असतो, आणि तिनं तो चांगला ठेवला. सातव्या, सहाव्या आणि पाचव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला तेव्हा हितेश बादली घेऊन वर आला. विठाबाईनं त्याला राब म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि बादली ओतली. माती अर्धी भाजलेली, अर्धी भिजलेली, अशी खाली आली.

बाल्कनीत रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या होत्या, शेजारच्या नव्या इमारतीच्या रंगाऱ्याकडून मागून आणलेल्या. स्वप्नाली एवढंच म्हणाली की आई, बुडाला भोकं पाडायला हवीत, पाणी जायला वाट हवी.

"खाचराला कुणी भोकं पाडतं काय?" विठाबाई म्हणाली.

आखितीच्या सकाळी विठाबाईनं तीन बादल्यांत दोन-दोन बिया लावल्या. तीन बिया डब्यात मागे ठेवल्या. सगळं बी एका दिवशी लावायचं नाही, हे सासूचंच. पाणी घातलं. पाणी वर तळ्यासारखं उभं राहिलं, तेव्हा तिला बरं वाटलं. भाताला असंच उभं राहतं.

आठ दिवस झाले. काही नाही. वरची माती वाळून तिला चिरा पडल्या, पण बोट आत घातलं की खाली चिखल. दहाव्या दिवशी घरात कुणी नसताना विठाबाईनं बोटानं एक बी उकरून काढलं. ते शिजवलेल्या वालासारखं मऊ झालं होतं, चिमटीत धरताच फुटलं. दुसरं तसंच. सहाही तशाच. एकाला बारीक पांढरा कोंब येऊन तो तिथल्या तिथं काळा पडला होता. मातीला गटारासारखा वास येत होता.

विठाबाईनं माती पुन्हा सारखी केली, हात तीनदा साबणानं धुतले आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं की कबुतरांनी बी उकरून खाल्लं.

हे खोटं तिच्या तोंडून इतकं सरळ गेलं की तिला स्वतःलाच थोडं नवल वाटलं. आयुष्यात तिनं पुष्कळांना पुष्कळ ऐकवलं होतं, पण आपल्या हातून बी गेलं हे वाक्य तिच्या जिभेला माहीत नव्हतं. शेजारणींची वांगी सडली, जावेच्या काकड्या कडू निघाल्या, तेव्हा मत द्यायला ती हजर असायची. आणि बदलापुरात कबुतरं काही थोडी नाहीत, तेव्हा कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. सुयोगला तर मुळीच वाटलं नाही. त्याला आईसाठी काही करायची हौस होती आणि संधी क्वचित मिळायची. रविवारी त्यानं कबुतराची साधी जाळी सोडून डाससुद्धा शिरणार नाही अशी बारीक हिरवी जाळी आणली आणि बाल्कनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद करून टाकली. विठाबाई बघत बसली. जाळी चांगली घट्ट बसली होती.

त्याच रविवारी दुपारी स्वप्नालीनं तिन्ही बादल्या मोरीत नेऊन रिकाम्या केल्या, धुतल्या आणि पालथ्या घातल्या. काढलेली माती तिनं वर्तमानपत्रावर उन्हात पसरली. सासूकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. विठाबाई धरून चालली की तिला काही कळलं नाही. लॅबमधली पोरगी, रक्तातलं कळेल तिला, मातीतलं काय कळणार.

चार दिवसांनी त्या पसरलेल्या मातीची ढेकळं झाली, वरवंट्यानं फोडावी लागतील अशी. स्वप्नाली त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती, हातात मोजे. तिनं विचारलं, "आई, हे शिराळं तुम्ही तिकडे लावायचात कुठे? ह्याच मातीत?"

"खाचरात कशाला लावीन, तिथं भात. उकिरड्याच्या कडेला लावायची," विठाबाई म्हणाली.

उकिरड्याच्या कडेला. चाळीस वर्षं रोज सकाळी ती गोठ्याचा केर काढून तिथं टाकायची. शेण, वैरणीच्या काड्या, चुलीतली राख, गिरणीवरून आलेलं भाताचं तूस, सुपातली फोलपटं, फुटकी कौलं, शहाळ्याच्या कवट्या. मधोमध ढीग, आणि ढिगाच्या कडेनं पावसानं वाहून आलेलं, कोंबड्यांनी उकरून कालवलेलं सगळं. तिथं काठी टोचून बी टाकायचं. वेल गोठ्याच्या छपरावर जायचा. त्या जागेला तिनं कधी माती म्हटलंच नव्हतं. तिला ती केर म्हणायची. माती म्हणजे खाचराची. जिच्यावर सात-बाराला नाव लागतं ती. म्हणून तर तिनं मधोमधची मागवली होती, मानाची. शिराळं त्या मानाच्या मातीत एक दिवस वाढलेलं नव्हतं.

आणि ती केराची जागा आता महिपतीच्या भाडेकरूंच्या न्हाणीखाली होती. आणायची म्हटली तरी आणता येणार नव्हती. करावी लागणार होती.

विठाबाईनं हे सुनेला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली की ऊठ, बसून काय बघतेस, तूस कुठं मिळेल ते बघ. पण मग तिनं काय-काय लागेल ते एकेक सांगायला सुरुवात केली, आणि स्वप्नाली मोबाईलमध्ये लिहायला लागली, तेव्हा तिला ते आवडलं नाही असंही नाही.

तूस बदलापूर गावातल्या भातगिरणीतून आलं. शेणखत सुयोगनं तबेल्यातून आणलं. रेती स्वप्नालीनं बांधकामावरून पिशवीभर आणली, तर विठाबाईनं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

"आई, तोंडात काय घालताय? कशावरून कुत्री-मांजरं बसली नसतील तिथे?"

"बसली तर बसली. खाडीची असली तर खारट लागंल, त्यासाठी बघते. खारट नाय. पण सिमेंट हाय हिच्यात. टाकून दे."

ती रेती गेली. तिच्या जागी स्वप्नालीनं आपलं नारळाच्या काथ्याचं आणलं, दाबून केलेली वीट, पाण्यात टाकली की फुगून घमेलंभर होणारी. पिशवीतली माती हलकी का होती हे विठाबाईला तेव्हा कळलं. तिच्यात निम्मं हेच होतं. शहाळ्याच्या कवट्या कुजून असंच भुसभुशीत व्हायचं, हे तिनं ओळखलं आणि तोंडानं म्हणाली की आता नारळाची सालंपण विकत.

मोजायचं कसं यावरून अर्धी दुपार गेली. विठाबाई म्हणाली, दोन ओंजळी खाचराची माती, दोन काथ्याचं, दोन खत, एक तूस, वर राखेची मूठ. स्वप्नालीनं विचारलं, ओंजळ कुणाची, तुमची की माझी. विठाबाईनं तिचे हात बघितले, मोज्यातले, अरुंद, आणि म्हणाली की माझी. मग ढेकळं वरवंट्यानं फोडून, चाळून, सगळं वर्तमानपत्रावर कालवलं. विठाबाईनं ओली मूठ वळून दाखवली. मूठ उघडल्यावर लाडू तसाच घट्ट राहिला तर चिकण जास्त. वळलाच नाही तर हलकं जास्त. वळला आणि बोट लावताच फुटला तर जमलं. स्वप्नालीनं तीनदा वळून बघितलं आणि तिला काही अंदाज येईना. मोज्यातून ओल लागत नव्हती. चौथ्यांदा तिनं उजव्या हाताचा मोजा काढून खिशात ठेवला. डाव्या हाताचा राहू दिला. विठाबाईनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

तीन बिया लगेच लावायचा विठाबाईचा हात शिवशिवत होता. आषाढ तोंडावर आला होता. स्वप्नालीनं प्रथमच आडवा शब्द घातला. म्हणाली, आधी मेथी टाकून बघू, ती गेली तर गेली. लॅबमध्येही आम्ही तसंच करतो. मेथी टाकली. ती तिसऱ्या दिवशी उगवली आणि आठव्या दिवशी पिवळी पडून झोपली. विठाबाईनं खत नाकाशी धरलं. ओलं, कोमट. सुयोगनं ताजं शेण आणलं होतं आणि तबेलेवाल्यानं त्याला शेणखत म्हणून दिलं होतं. यात सुनेचा काही दोष नव्हता, पण विठाबाईनं थोडा तिच्याही वाट्याला दिला. मग महिपतीकडून दोन वर्षं मुरलेलं, काळं, वास नसलेलं खत आलं. पुन्हा कालवलं, पुन्हा मूठ वळली, पुन्हा मेथी. ही मेथी उभी राहिली. सुयोगनं तिची भाजी मागितली, आणि दोघींनीही त्याला नको म्हणून सांगितलं, एकाच वेळी.

बादल्यांना भोकं पाडली, गॅसवर सळई तापवून, प्रत्येकीला पाच. भोकांवर कौलाचे तुकडे ठेवले. तीनही बिया मातीत गेल्या. दोन उगवल्या. त्यातली एक बुटकी राहून मेली. एक वाढली.

ती मात्र अशी वाढली की पंधरा दिवसांत बाल्कनीचा गज धरून हिरव्या जाळीला भिडली. श्रावणात फुलं आली. शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पिवळंधमक. आधी नुसती नर फुलं येतात ती गळायचीच. मग बुडाशी बोटभर शिराळं असलेली मादी फुलं आली. तीही गळाली. बोटभर शिराळं पिवळं पडायचं आणि सकाळी खाली असायचं. पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्या आठवड्यात पाच. स्वप्नालीनं मोबाईलवर बघून दोन संध्याकाळी कापसाच्या काडीनं इकडची पूड तिकडे लावली. तीही गळाली. मोबाईलमध्ये जमलेलं असतं.

कारण विठाबाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फुलावर माशी येत नव्हती, पतंग येत नव्हता. डाससुद्धा शिरणार नाही अशी जाळी होती ती. संध्याकाळी बाहेरच्या बाजूनं दोन-तीन पतंग जाळीला आपटताना तिनं पाहिले होते. आत पिवळी फुलं, बाहेर पतंग, मध्ये तिनं सांगितलेली कबुतरं.

जेवताना स्वप्नाली सुयोगला म्हणाली की जाळी काढून बघू या का. सुयोग म्हणाला, काढायला काही नाही, पण कबुतरं परत सगळं खातील, मागच्या वेळी आईचं सहा बियांचं नुकसान झालं, एवढ्या मेहनतीनं लावली. राहू दे. स्वप्नालीनं ताटात बघितलं. ती आणखी एक शब्द बोलली असती तर जाळी निघाली असती. ती तो बोलली नाही. विठाबाई वाट बघत राहिली, आणि वाट बघता-बघता तिच्या ध्यानात आलं की सून बोलणार नाही. तिला तो शब्द माहीत आहे आणि ती बोलणार नाही.

वेलाला आणखी दोन आठवडे फुलं येतील. मग नाही. डब्यात आता एकही बी नव्हतं.

"जाळी काढ," विठाबाई म्हणाली. "कबुतरांनी नव्हतं खाल्लं. माझ्या मातीत कुजलं. मी खोटं बोलली."

सुयोगचा घास हातात राहिला. तो आईकडे बघायला लागला, मग बायकोकडे. बायको अजून ताटातच बघत होती. त्याला जे कळायचं ते हळूहळू कळलं.

"तुला माहीत होतं?"

"बादल्या मीच धुतल्या ना," स्वप्नाली म्हणाली. "कुजलेल्या बिया होत्या मातीत."

"मग मला जाळी का लावू दिलीस? अख्खा रविवार गेला माझा."

"आई कबुतर म्हणाल्या होत्या," स्वप्नाली म्हणाली, आणि भाताला उठली.

जाळी त्याच दिवशी निघाली. सुयोग तारा कापताना बराच वेळ काही ना काही पुटपुटत होता, विठाबाईनं ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं तिला फारसं जमत नव्हतं, पण त्या दिवशी तिनं ते केलं. दुसऱ्या संध्याकाळी पतंग आले. चार दिवसांनी एक शिराळं गळलं नाही. मग दुसरं. मग तिसरं. कबुतरंही आली, जाळी नसलेल्या बाल्कनीत बसून घुमली, आणि वेलाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

पहिल्या शिराळ्याला विठाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. चिंधी बांधलेल्या फळाला हात लावायचा नाही, ते बियाचं. पुढची खाल्ली, सालीची चटणी केली, एक महिपतीला पाठवलं आणि एक हितेशला. हितेश दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाला की मावशी, चव वेगळी आहे. विठाबाई म्हणाली, असणारच.

चिंधीचं फळ आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग कागदासारखं हलकं. दिवाळी उलटून गेली तेव्हा ते हलवलं की आत खुळखुळायला लागलं. रविवारी दुपारी विठाबाईनं वर्तमानपत्र पसरलं, दूध पावडरचा तो डबा आणला आणि सुनेला हाक मारली. स्वप्नाली आली. हातात मोजे नव्हते. घालायचे राहिले की घालायचे नव्हते ते तिनं सांगितलं नाही. विठाबाईनं फळ तिच्या हातात दिलं. तिनं टोक मोडलं, फळ पालथं धरून झटकलं, आणि काळ्या, चपट्या बिया कागदावर पडल्या. बऱ्याच पडल्या. मोजायला कुणी बसलं नाही. विठाबाईनं त्या राखेत घातल्या, डबा हलवला, झाकण तळहातानं दाबून बसवलं आणि डबा पदरानं पुसला. मग तो सुनेपुढे धरला.

"तुला भाकरी येत नाय, चार माणसांत बोलता येत नाय, आणि ते मोजे घालून मासे धुतेस ते मला मरेपर्यंत पटायचं नाय. पण मातीची मूठ तुला कळते, आणि माझी फजिती तू तीन महिने पोटात ठेवलीस. डबा आता तुझ्याकडं. घर जळालं तर हा घेऊन बाहेर ये, मला मागनं ने."